गुणवंत मिस्त्रीचं मडगार्ड

ट्रकचं इंजिन बिघडलं की गुणवंत मिस्त्री पाना हातात घ्यायच्या आधी बॅटरीची तार काढून ठेवत आणि ट्रकला वीस मिनिटं विसरायला सोडत.

"गाडीले इसरू द्या बाप्पा," ते म्हणत. "ड्रायव्हरच्या पायानं तिले वाईट सवयी लावल्या. आधी त्या इसरू द्या, मंग मी नवीन शिकवतो."

परवा माझ्या भाच्याचा ट्रक उभा राहिल्या राहिल्या धडधडत होता, तेव्हा मेकॅनिकने बॅटरीची तार काढली आणि म्हणाला, थांबा, इंजिनातल्या कॉम्प्युटरला जुनं सगळं विसरू द्या. मी एकदम हसलो. भाच्याला वाटलं, म्हाताऱ्याला काय झालं. आता त्याला काय सांगू, की सत्तर-बहात्तरच्या सुमाराला, कॉम्प्युटर हा शब्दही आम्हाला नीट म्हणता येत नव्हता तेव्हा, लकडगंजात एक माणूस हेच करत होता.

मी तिथे एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो. पारशिवनीकडून सागवान भरून ट्रक यायचे. माझ्या टेबलाशेजारी खिडकी होती, खिडकीबाहेर आवार, आणि आवारात मिस्त्री. ठेंगणे, खाकी हाफपँट, कानावर बिडी. ती बिडी ते कधी पेटवत नसत. धूर इंजिनाला आवडत नाही म्हणे!

ती विसरण्याची वीस मिनिटंसुद्धा साधी नव्हती. तेवढ्या वेळात ट्रकजवळ कोणी बोलायचं नाही. रामटेकचा किसन ड्रायव्हर एकदा बोलून गेला, "मिस्त्री, उभी करून स्लोवर सोडली का लगेच बंद पडते पहा." झालं! मिस्त्रींनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं.

"तिच्यासमोर तिची चुगली काहून करून राहिला गा? इसरत होती बिचारी. आता पुन्हा वीस मिनिटं!"

मालकांचे जावई इंजिनिअर होते. त्यांनी एकदा समजावून सांगितलं, की डिझेल गाडीच्या स्लोचा आणि बॅटरीचा काडीचाही संबंध नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे गाडीले मालूम आहे का?" मला विचाराल तर त्या वीस मिनिटांत गाडी काही विसरत नसे. तापलेला ड्रायव्हर मात्र चहा पिऊन थंड होई आणि मिस्त्रींना सुखाने काम करू देई.

मग ते पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवत, दांडा कानाला लावत आणि डोळे मिटून पंपाचा स्क्रू फिरवत. केसभर इकडे, केसभर तिकडे. बॉनेटवर पाण्याचा भरलेला गिलास ठेवत. पाणी हललं नाही की काम झालं. असा कान मी पुन्हा पाहिला नाही. घराणं कोष्ट्यांचं. "बाप मागावर बसला असला अन् एक धागा तुटला, तं मले आंगणात समजे," असं सांगत.

आणि या माणसाची सायकल! काय सांगू तुम्हाला. सकाळी आठला ती फाटकातून आत यायची तेव्हा झाडावरचे कावळे उडायचे. मागचं मडगार्ड ढिलं, चेनकव्हर ढिलं, घंटी सोडून सगळं वाजायचं. आधी 'खड', मग दोनदा 'टिन टिन', आणि वळताना लांबलचक 'खर्र'. ते ऐकून माझ्या हातून बिल्टीवर शाई सांडायची.

"मिस्त्री, दुनियेच्या गाड्या गप्प करता, आपलं मडगार्ड काहून नाही कसत?"

"राहू द्या ना बाबू. तुमाले काय करून राहिली ते?"

कोणाला हात लावू देत नसत. एकदा किसन गमतीत पाना घेऊन जवळ गेला, तर मिस्त्री ट्रकखालून ओरडत बाहेर आले. तीन वर्षं मी त्या खडखडाटाला शिव्या घालत होतो आणि तीन वर्षं ते मला हसून टाळत होते. घरी ते एकटेच. मी नोकरीला लागायच्या आदल्या वर्षी बायको वारली, मूलबाळ नव्हतं. एवढंच मला माहीत होतं.

मग दसरा आला. आदल्या दिवशी आवारात गाड्यांची पूजा असायची. ट्रक धुऊन निघाले, झेंडूचे हार चढले, आणि कोपऱ्यात ती सायकल तशीच चिखलाने माखलेली. मला कुठून बुद्धी सुचली देव जाणे. मिस्त्री एका ट्रकला विसरायला सोडून फाटकाबाहेर बसले होते. मी मागच्या दाराने सायकल काढली आणि नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने मडगार्ड कसलं, चेनकव्हर ठोकून सरळ केलं, सगळीकडे तेल दिलं. मी वर हार घातला आणि जागेवर आणून लावली. चाक फिरवलं तर हूं नाही का चूं नाही.

संध्याकाळी मिस्त्रींनी सायकल पाहिली. सीट धरून जमिनीवर एकदा आपटली. काही वाजलं नाही.

"तुमी केलं बाबू?"

"मग काय! दसऱ्याची भेट."

"बरं केलं," ते म्हणाले. पण हसले नाहीत. सायकलवर बसून निघून गेले आणि मी खिडकीत उभा राहून स्वतःवर खूश झालो. गाढव होतो मी.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. गोळीबार चौकाच्या मागे गल्लीत दोन खोल्या, पुढे अंगण. अंगणात सायकल उलटी करून ठेवलेली. मिस्त्री उकिडवे बसले होते, पेचकसाचा दांडा कानाला, टोक मडगार्डला. हाताने चाक फिरवत होते, नट सैल करत होते, पुन्हा कसत होते. डोळे लाल. आपट्याची पानं माझ्या हातातच राहिली.

"मिस्त्री, हे काय?"

"तो आवाज नाई येऊन राहिला बाबू."

मी खाली बसलो. ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"घरवाली आत सुताच्या कांड्या भरत बसे. वळणावर माही खडखड ऐकली का उठे अन् चहा मांडे. मी सायकल लावून पाय धुवे तवर चहा उकळे. एकदा मी मडगार्ड टाइट केलं, तं लय रागावली. म्हणे, आता मले कसं समजन तुमी आले म्हणून? तवापासून हात नाई लावला." त्यांनी पेचकस खाली ठेवला. "ते गेली. पण वळणावर खडखड झाली का मले वाटे, आत कोणी उठलं. काल चूपचाप आलो. आत गेलो. अन् मले असं वाटलं बाबू, का मी घरी आलोच नाई."

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी वेड्यासारखं बोललो, "विसरू द्या मिस्त्री."

"गाडीले इसरवतो मी. मले नाई इसरायचं." मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "सैल तं केलं सगळं. पण मी सायकलवर बसून राहत होतो ना. आतून कसं ऐकू येते ते तिलेच मालूम होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं खिडकीआडून तो आवाज मीच तर ऐकला होता! जितका रागाने ऐकला तितका पक्का पाठ होता.

"मिस्त्री, तुम्ही वळणापासून या. मी आत बसतो."

आतल्या खोलीत त्यांच्या बापाचा माग होता, त्यावर चादर टाकलेली. बाजूला कांड्या भरायचा चरखा. मी चरख्याजवळ बसलो. मिस्त्री आले. 'खड' होता, पण 'टिन' एकच. मी ओरडलो, "मडगार्ड अजून सैल!" पुन्हा गेले, पुन्हा आले. आता दोन्ही 'टिन' होते, पण 'खर्र' नव्हता. "चेनकव्हर आत दाबा!" गल्लीतली बाया-पोरं जमली होती. दसऱ्याच्या दिवशी मिस्त्रीला काय झालं म्हणून हसत होती.

सहाव्या खेपेला वळणावर 'खड' झाला. मग 'टिन टिन'. मग तो लांबलचक, माझा नावडता 'खर्र'. जसाच्या तसा. मी उठलो, कोपऱ्यातल्या स्टोव्हला पंप मारला, पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

बाहेर सायकल भिंतीला लागली. पाय धुतल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन पाहिलं तर मिस्त्री ओल्या पायांनी अंगणात उभे होते, डोळे मिटून, ट्रकजवळ उभे राहत तसे.

"जमला मिस्त्री," मी म्हणालो.

"समजलं मले," ते डोळे न उघडता म्हणाले. "स्टोव्ह ऐकू येऊन राहिला."