भूपालअण्णांनी केबल का सोडली

भूपालअण्णा आमच्या घरी टीव्ही बघायला येत, तेव्हा बसायला स्वतःची खुर्ची घेऊन येत. लोखंडी, घडीची, पाठीवर कुठल्याशा मंडपवाल्याचं पुसट नाव असलेली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, सोफा आहे की."

"असूं दे की मास्तर. तुमचा सोफा उगंच कशाला झिजवायचा?"

"उगंच कशाला" हे त्यांचं पालुपद. दिवसा दिवा दिसला की उठून बंद करत, मग घर कुणाचंही असो. जाहिराती लागल्या की खुर्ची उचलून टीव्हीकडे पाठ करून बसत. "जाहिरात बघितली की माणूस दुकानात जातंय. उगंच कशाला?" जाहिराती संपल्या की आम्ही सांगायचं, मग खुर्ची पुन्हा फिरायची. सात वाजताच्या त्या अर्ध्या तासात ती चार वेळा तरी किरकिरायची.

अण्णा मूळचे नेसरीकडचे. कळंब्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती, आणि चार वर्षांनी त्याही गेल्या. त्यानंतर महिनाभरात अण्णांनी केबल बंद केली. केबलवाल्यानं दारातच विचारलं, "का हो अण्णा, आमचं काय चुकलं?"

"चुकलं न्हाय. एकट्या जीवाला दोनशे च्यानेल कशाला? खर्च कमी करायलोय."

मग ते आमच्याकडे येऊ लागले. जैन रिवाजाप्रमाणे त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं, आणि पुढं ते चहाचा घोटही घेत नसत. मी सकाळी कट्ट्यावर सांगायचो, "पाहुणा असावा तर असा. खुर्ची त्याची, चहा नको, फक्त टीव्ही आमचा." लोक हसत. मी त्यांना 'चिक्कूअण्णा' म्हणू लागलो. हे नाव आता सगळ्या कॉलनीचं झालं आहे आणि ते कुणी ठेवलं हे कुणाला आठवत नाही. मला आठवतं. मी ठेवलं.

खरा त्रास खुर्चीचा नव्हता. अण्णा मालिका बघताना गप्प बसत नसत. "सून आली बघा. हिरवं लुगडं, तांबडा काठ. सासू डाव्या हाताला उभी हाय. आता डोळं पुसायली." हे अखंड चालायचं. अक्का असताना भिंतीपलीकडून ही बडबड रोज ऐकू यायची आणि आम्ही म्हणायचो, बिचारी अक्का, हा माणूस तिला एक शब्द ऐकू देत नाही. एके दिवशी आमची ही वैतागली.

"अण्णा, दिसतंय की हो आम्हाला!"

अण्णा गप्प झाले. पुढच्या जाहिरातीला खुर्ची फिरवायचंही विसरले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. "आज जांभळं नेसलीय."

शेवटी मी खोटं बोललो. फाटकातच त्यांना गाठून सांगितलं, "अण्णा, आम्हीही केबल सोडली. पेन्शनीत भागत नाही हो."

अण्णांनी हातातली खुर्ची खाली टेकवली. "येवढी अडचण? मला बोलायचं की, मास्तर." आणि खुर्ची घेऊन परत गेले. संध्याकाळी गुळाची एक ढेप आमच्या पायरीवर ठेवलेली होती.

त्या दिवसापासून आम्ही स्वतःच्या घरात चोरासारखा टीव्ही बघू लागलो. पडदे ओढलेले, दिवा बंद, आवाज इतका बारीक की दोघंही टीव्हीच्या काचेला नाक लावून. तिसऱ्या दिवशी सव्वाआठला दारावर थाप. मी धावत टीव्ही बंद केला. दारात अण्णा, हातात खुर्ची.

"वैनींची मालिका बुडाली की दोन दिवस. मी बघून आलोय. बसा."

शहरात शाहूपुरीला त्यांच्या भाच्याचं शेंगतेलाचं दुकान होतं आणि गल्ल्यापाशी एक छोटा टीव्ही. अण्णा जेवून बसनं तिथं गेले, उभ्यानं मालिका बघितली आणि बसनं परत येऊन आम्हाला सांगू लागले. तोच भाग आम्ही तासाभरापूर्वी अंधारात बघितला होता. सासूची सासूगत, सुनेची सुनेगत, असे सगळे आवाज काढून त्यांनी तो सांगितला. ही योग्य त्या ठिकाणी "अगं बाई!" म्हणत होती. एकदा जरा आधीच म्हणाली. अण्णा थांबले, तिच्याकडे बघितलं आणि पुढं चालू केलं.

हे रोजचं झालं. महिन्याचं बसभाडं केबलच्या बिलाहून जास्त होतं, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. तरी कट्ट्यावर मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'चिक्कू'ची गंमत गेली असती.

एका संध्याकाळी अण्णा गेल्यावर हिनं दार लावून घेतलं. म्हणाली, "अहो, ऐकणाऱ्याला लुगड्याचा रंग कशाला सांगतात? कोण कुठल्या हाताला उभं आहे, ते कशाला?"

"सवय त्यांची."

"सवय कुणामुळं लागली? ते अक्कांना सांगत होते, अहो. चार वर्षं. आणि मी त्यांना म्हटलं, दिसतंय आम्हाला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही केबल खरोखर बंद केली. ते ऐकून ज्येष्ठ नागरिक संघानं मला बोलावून 'घरखर्चात कपात' या विषयावर बोलायला लावलं आणि नारळ दिला. मी बोललो. नारळही घेतला. आज लिहितो की तो नारळ माझा नव्हता.

मग आमच्या संध्याकाळी खऱ्या झाल्या. पुढं काय होणार ते आम्हाला ठाऊक नसायचं आणि हिचं "अगं बाई" जागेवर यायचं. गोष्टही अलीकडे रंगली होती. सासूची नजर गेली, सून तिला हाताला धरून फिरवू लागली, दोघींचं भांडण मिटलं. मी म्हटलं, "लिहिणारा सुधारला बरं का, अण्णा." अण्णा खूश होऊन म्हणाले, "व्हय की, बरं लिवायलाय."

त्याच सुमारास कुणीतरी अण्णांना कळंब्याच्या तलावाकाठी पाहिलं. संध्याकाळच्या वेळी कठड्यावर एकटेच, हातवारे करत, स्वतःशी बोलत. मी तेही कट्ट्यावर तिखटमीठ लावून सांगितलं. "चिक्कूअण्णा आता माशांना हिशेब शिकवतात." लोक पोट धरून हसले.

शेवटच्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. गोष्टीत सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. "उद्या पट्टी सोडत्यात, वैनी," म्हणाले आणि उठले. खुर्ची उचलायला गेले, मग राहू दिली. "हितंच ठेवतो. उद्या यायचं हायच की. उगंच कशाला न्यायची?"

पहाटे झोपेतच गेले.

संघानं शहरात शोकसभा घेतली. एक जण म्हणाला, "आमचे चिक्कूअण्णा, पण माणूस चांगला." लोक मायेनं हसले. मी पहिल्या रांगेत होतो. उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी खाली बघत राहिलो.

बाहेर त्यांचा भाचा भेटला. मी म्हटलं, "आता दुकानात सातला चुकल्यासारखं वाटेल."

"मामा दोन महिनं झालं आलंच न्हाईत की. ती मालिका संपली, मग यायचं बंद केलं त्यांनी."

"संपली? सासूचं ऑपरेशन?"

"कसलं ऑपरेशन, मास्तर? सासू धडधाकट हुती की शेवटापतूर."

मी कळंब्यापर्यंत चालत आलो. तलावाच्या कठड्यापाशी जरा थांबलो. घरी येऊन हिला सांगितलं. ही वाटाणे सोलत होती, तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक होतं. बायकांत बोलणं झालं होतं."

"मग बोलली नाहीस?"

"एकदा बोलून बघितलं होतं की अण्णांना. पुरे झालं तेवढं." मग म्हणाली, "पण पट्टी सोडायची राहिली हो."

खुर्ची अजून समोरच होती. मी तिच्यावर बसलो. ती किरकिरली. मला अण्णांसारखं सांगता येत नाही, आवाज तर मुळीच काढता येत नाहीत.

"डॉक्टर उजव्या हाताला उभे आहेत," मी म्हटलं. "सून पायाशी. हिरवं लुगडं, तांबडा काठ."

हिनं वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं.