राहती गाडी किती लांबून आणावी

एखादी वस्तू विकत घ्यायला माणसाने घरापासून किती लांब जावे, याबाबत शासनाने आजवर कोणतेही धोरण जाहीर केलेले नाही. त्यामुळे जो तो आपापल्या मनाने जातो आणि फसतो. पोशीरपुरतं बोलायचं तर काही अंतरं रूढीने ठरून गेली आहेत. मीठ आणि काडेपेटी हाकेच्या अंतरावर. भाजी आणि औषध नेरळला. दागिने कर्जतला (सोनार ओळखीचा असावा म्हणून). लग्नाच्या साड्या कल्याणला (दुकानदार ओळखीचा नसावा म्हणून). सूनही शक्यतो घाट न चढता मिळेल तेवढ्याच अंतरावरून. परंतु ज्या गाडीत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी असते, जिला शहरात कॅराव्हॅन आणि पोशीरमध्ये राहती गाडी म्हणतात, अशी गाडी, तीही वापरलेली, किती लांबून आणावी याबद्दल रूढी गप्प होती.

ही उणीव भरून काढण्याचं काम साईनाथकडे आलं, आणि योग्य माणसाकडे आलं. साजगावच्या एका कारखान्यात त्याने एकोणतीस वर्षं खरेदी विभागात काढली होती. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्याने तिथे खराटासुद्धा घेतला नव्हता. रोज मोटारसायकलने पोशीर ते साजगाव आणि परत, असा हिशेब धरला तर त्याचा एकूण प्रवास साडेपाच लाख किलोमीटर भरतो. म्हणजे पृथ्वीला जवळजवळ पावणेचौदा प्रदक्षिणा. एवढ्या प्रदक्षिणांत त्याने खोपोलीच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं, पण त्याला कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढता काढता त्याने बायकोला विचारलं, "शकू, आता तुला काय पायजे ते सांग."

शकूने फार विचार केला नाही. उत्तर बऱ्याच वर्षांपासून तयार असावं. ती म्हणाली, "झोपून उठल्यावर दारातनं दुसरं कायतरी दिसलं पायजे. रोज तोच हातपंप बगून कंटाळा आला."

दुसरा कुणी असता तर त्याने हातपंप हलवला असता. साईनाथ खरेदी विभागातला माणूस. त्याने तीन पर्याय काढले, लॉजमध्ये ढेकूण असतात म्हणून एक बाद केला, नातेवाइकांकडे गेलं की ते आपल्याकडे येतात म्हणून दुसरा बाद केला आणि राहती गाडी मंजूर केली. नवी परवडणार नव्हती. म्हणून वापरलेली. आणि वापरलेली म्हटल्यावर कुठली, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी 'अंतर निश्चिती समिती' स्थापन झाली.

समितीची रचना अशी होती. अध्यक्ष, साईनाथ. तांत्रिक सदस्य, गजा (शकूचा धाकटा भाऊ, चौकला टेंपो चालवायचा, आता टेंपोबद्दल बोलतो). ज्येष्ठ सदस्य, आबाजी (साईनाथचे चुलते, बोलावलं नसतं तरी आले असते). शकू समितीत नव्हती. गाडी तिच्यासाठीच असल्यामुळे तिला हितसंबंधी धरण्यात आलं.

पहिल्याच बैठकीत शाळेतला जुना महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लागला. त्यावर वर्तुळ काढायला कंपास नव्हता. मग स्वयंपाकघरातून भांडी आली. नकाशाच्या मापाने वाटी छत्तीस किलोमीटर निघाली, ताटली बहात्तर, ताट एकशेवीस आणि परात दोनशे. पोशीरवर मध्य धरून एकेक भांडं उपडं लावून पाहिलं गेलं. तेव्हापासून समितीत कुणी किलोमीटर हा शब्द वापरला नाही.

आबाजी वाटीचे होते. "साईनाथा, सकाली दूद काडून निगालो तर सांजच्या दुदाला परत यायला पायजे. मुक्काम मना नाय चालत." समितीने ज्येष्ठांचा मान राखून तसा ठराव केला. रात्री मुक्काम करण्याची गाडी ही कुठेही रात्री मुक्काम न करता खरेदी करण्यात यावी.

गजा परातीचा होता, खरं तर परातीच्याही पलीकडचा. त्याचं म्हणणं असं, की गाडीची परीक्षा रस्त्यावरच होते. "दाजी, नाशिकवरनं आनली तर चार तासांत काय कलनार? केरळवरनं आना. इथवर पोचली तर गाडी चांगली. नाय पोचली तर घ्यायचीच नाय."

साईनाथला हे पटलं. पण त्या मापाने कोची टीव्हीच्या टेबलाखाली येत होतं आणि टेबल हलवायला आबाजींचा विरोध होता.

परातीचाही अभ्यास झाला. तिच्या क्षेत्रफळापैकी सुमारे चौतीस टक्के भाग अरबी समुद्रात पडतो. तिथे वापरलेल्या गाड्या मिळण्याची शक्यता कमी, असं अध्यक्षांचं मत पडलं. (पुरात बुडून आलेल्या गाड्या स्वस्त मिळतात, तेव्हा समुद्राला एकदम नकार देऊ नये, ही गजाची सूचना नोंदवून घेण्यात आली.)

बैठका आठवड्याला एक या वेगाने चार महिने चालल्या. या काळात नाशिकची एक गाडी विकली गेली, साताऱ्याच्या दोन विकल्या गेल्या. दरवेळी समितीने समाधान व्यक्त केलं. इतक्या लवकर विकली गेलेली गाडी घाईघाईने घेतली गेली असणार, आणि घाईत घेतलेली गाडी चांगली कशी असेल? शकूचं म्हणाल तर भाकरीचं पीठ मळायला परात हाताशी नसल्याने तिने चार महिने नुसता भात लावला. समितीला भातही चालला.

वाटीच्या आत फक्त एकच गाडी होती, चौकजवळच्या लोधिवलीला. श्रद्धाबाई नावाच्या निवृत्त एसटी कंडक्टरची. जुना टेंपो ट्रॅव्हलर, आत दोन पलंग, शेगडी, टाकी आणि बंद न होणारी एक खिडकी. तिच्यावर सर्वात कमी वेळ खर्च झाला. ठराव असा:

"सदर गाडी इतक्या जवळ असूनही अद्याप विकली गेलेली नाही. यावरून जवळच्या लोकांना तिच्याबद्दल काहीतरी माहीत असले पाहिजे. सबब नामंजूर."

"काय म्हाईत असंल?" शकूने दारातून विचारलं.

"ते आपल्याला म्हाईत नाय, हाच तर धोका हाय," साईनाथ म्हणाला.

शकू आत आली. नकाशाखाली ठेवलेली वाटी तिने उचलून घेतली. "ही तुमी नापास केली ना? मंग ही माजी." पदराला हात पुसून तिने चपला घातल्या, नेरळहून कर्जतला गेली आणि तिथून चौकच्या एसटीत बसली. समितीने तिला अडवलं नाही. बिगर सदस्याने गाडी बघण्याबाबत नियमच केलेला नव्हता.

सांजच्याला साईनाथच्या फोनवर निरोप आला. "श्रद्धाबाईसंगं अलिबागपरेंत चक्कर मारून येते. भात कुकरात हाय."

नंतर कळलं ते असं. श्रद्धाबाईने चोवीस वर्षं उभ्याने प्रवास केला होता. निवृत्तीनंतर ती गाडी चालवायला शिकली, गाडी घेतली आणि मग तिच्या लक्षात आलं की शेजारच्या सीटवर माणूस नसला तर आपण सारखं मागे वळून पुढचा स्टॉप ओरडतो. गाडी विकायला काढली ती एवढ्याचसाठी. गाडीबद्दल जवळच्या लोकांना जे माहीत होतं ते हेच, की तिच्याशेजारी बसायला कुणीतरी हवं आहे. शकू बसली.

दुसऱ्या दिवशी फोन मुरूडहून आला, चौथ्या दिवशी श्रीवर्धनहून. गाडी जेट्टीवरून बोटीत चढली तेव्हा श्रद्धाबाईने सवयीने खलाशाला दोन पूर्ण आणि गाडीचं एक अर्धं तिकीट सांगितलं, हे सांगताना शकू इतकी हसली की साईनाथने फोन कानापासून लांब धरला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. ती एवढ्या मोठ्याने हसते हे त्याला माहीत नव्हतं.

"परत कदी येनार?" त्याने विचारलं.

"ठरलं नाय."

"उद्या कुटं?"

"उटल्यावर बगू."

"अगं, आदी ठरवाय नको?"

"तुमी ठरवताय ना तितं? मंग आमी कशाला ठरवू," शकू म्हणाली, आणि तिच्या मागून कुणीतरी "चला, सुटली!" असं ओरडल्यावर फोन बंद झाला.

समिती स्वस्थ बसली नाही. शकू जिथून फोन करेल तिथे नकाशावर कुंकवाचा ठिपका लागत गेला. सातव्या दिवशी तिने महाबळेश्वर गाठलं आणि ती ताटाच्या काठावर आली. नवव्या दिवशी वाईला पोहोचली. म्हणजे ताटाच्या बाहेर, परातीच्या आत. अठरावी बैठक तातडीने बोलावण्यात आली. विषय एकच होता: शकूला आणण्यासाठी किती लांब जावे.

आबाजी वाटीवर ठाम होते. "बायको आनायला वाटीच्या भाईर कोन जातो?"

गजाने तांत्रिक अडचण मांडली. "ताई फिरती हाय. म्हंजे अंतर रोज बदलतं. हलत्या मानसाचं अंतर कसं काडनार? ती एका जागी थांबंल तवा बगू."

"आनि थांबलीच नाय तर?" साईनाथने विचारलं.

"तर बैठक पुढं," आबाजी म्हणाले. आयुष्यभर साईनाथने ज्या वाक्यावर सह्या केल्या होत्या ते हे वाक्य.

नऊ दिवस साईनाथ कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजत होता आणि नऊ दिवसांत एकदाही त्या बरोबर आल्या नव्हत्या. सकाळी दार उघडलं की समोर हातपंप दिसायचा. पहिल्या दिवशी तो त्याला हातपंपासारखा दिसला. पाचव्या दिवशी त्याचा राग आला. नवव्या दिवशी त्याच्याकडे बघवेना. शकूने हा हातपंप एकतीस वर्षं बघितला होता, हे त्याच्या एकदम ध्यानात आलं, आणि बैठकीच्या मधूनच तो उठला.

"दाजी, कोरम मोडंल," गजा म्हणाला.

साईनाथने मोटारसायकल काढली. कर्जत गेलं, पळसदरी गेलं, खोपोली आली. तिथे मोटारसायकल आपसूक वळली आणि साजगावला कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभी राहिली. गेटवरच्या नागूने सलाम ठोकून खांब वर केला, मग खाली केला.

"साएब, तुमी रिटायर ना?"

"व्हय रं."

"मंग इतं काय करताय?"

"वाईला चाललोय."

"वाई इकडं नाय," नागू म्हणाला. एकोणतीस वर्षांत त्या गेटवर साईनाथला मिळालेली ही सर्वात उपयोगी माहिती होती.

तो मागे फिरला आणि घाट चढला. वर थंड वारा लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्याने आलं असं त्याने ठरवलं. (हा त्याचा समितीविना घेतलेला पहिला निर्णय.) पुण्यात दोनदा चुकला, एकदा तर एका लग्नाच्या वरातीत सापडून मंगल कार्यालयापर्यंत जाऊन आला. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो वाईच्या अलीकडे कृष्णेच्या काठी पोहोचला. झाडाखाली टेंपो ट्रॅव्हलर उभा होता. दारात शकू तांदूळ निवडत बसली होती.

"आलात?" ती म्हणाली. "किती झालं इथवर?"

त्याने मीटर बघितलाच नव्हता. खरेदी विभागातल्या माणसाला हे सांगताना लाज वाटली, पण सांगितलं. मग सवयीने तो गाडीभोवती फिरायला लागला. टायर दाबून बघितले, वाकून खालून बघितलं, बंद न होणारी खिडकी बंद करून बघितली.

"बगू नका," शकू म्हणाली. "बसा."

तो पायरीवर बसला. समोर नदी होती. शकूने निवडायचे तांदूळ त्याच्याकडे सरकवले. तेवढ्यात श्रद्धाबाई आतून ओरडली, "नवीन पॅसेंजर, पलंग दोनच हायेत. तुमी भाईर तंबूत."

सध्याची परिस्थिती अशी. गाडी श्रद्धाबाईचीच आहे. विकायचं तिने रद्द केलं. शकू पुढच्या सीटवर असते. साईनाथ मागे मोटारसायकलवर येतो आणि तंबूत झोपतो. पाठ दुखते, असं तो फोनवर सांगतो, पण परत येण्याची तारीख सांगत नाही. मागच्या आठवड्यात तिघं परातीच्या बाहेर पडल्याचं कळतं.

पोशीरमध्ये समितीचं काम खंड न पडता चालू आहे. वापरलेली राहती गाडी किती लांबून आणावी हा मूळ विषय अजून निकालात निघालेला नाही, कारण एका सदस्याच्या अनुपस्थितीत ठराव करता येत नाही. तरी ही जागा भरण्याचं आता ठरलं आहे. पात्रता साधी आहे. उमेदवाराने 'एकदा निवांत फिरायला जायचंय' असं घरात निदान दहा वर्षं सांगितलेलं असावं, आणि त्याला एका जागी बसून दुसऱ्यांच्या प्रवासाचा वृत्तान्त शेवटपर्यंत वाचण्याची सवय असावी.

वेगळा अर्ज करू नये. हा मजकूर इथवर वाचणाऱ्यांची निवड झालेली आहे. उठायचीही गरज नाही. बैठक आपण बसला आहात तिथेच भरेल.