शिंकेल त्याला घेऊन जा!

"माझ्या घरात एक शिंक जरी ऐकू आली ना, तर हे नाक कापून तुमच्या हातावर ठेवीन, विहीणबाई!"

आजींनी फोनवर तोफ डागली. गल्लीत त्यांना उगाच फौजदारीण म्हणत नसत! पण विहीणबाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या.

"नाक राहू द्या जागेवर. गेल्या साली तुम्ही दारांना पॉलिश केलंत आणि माझी लेक दोन दिवस दवाखान्यात धापा टाकत होती. या खेपेला रंगकामात तुमच्या घरात जो कुणी शिंकेल, त्याला दोन महिने माझ्याकडे नेणार!"

"न्या की! शिंकेल त्याला खुशाल घेऊन जा!"

बोलून गेल्या खऱ्या, पण फोन ठेवताच हिशेब सुरू झाला. सून गेली की मागोमाग सहा वर्षांची नात जाणार. मग हुकूम सोडायचे कुणावर? मुलावर? तो मुकाट्याने ऐकतो. त्यात काय मजा!

रंग नातीच्याच खोलीला द्यायचा होता. सून आणि नात आधीच माहेरी पाठवलेल्या. नातीचं मांजर, भोपळ्या, स्वयंपाकघरात कोंडलेलं. मुलाने खास रंग आणून दिला आणि तो कामावर पळाला. रंगाऱ्याने खेळणी, गाद्या बाहेर काढल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि डबा फोडला.

आजींनी डब्यात नाक घातलं. उद्या नासणारं दूध आज ओळखणारं नाक ते! पण डबा मुका.

"अरे, हा रंग आहे की पाणी घातलेलं दूध? वास कुठाय?"

"बिनवासाचाच आहे, आजी. सूनबाईंना त्रास नको, लेकराला नको, मांजराला नको."

"मग वाळला हे कळणार कसं?"

"चार तासांनी वाळतो. घड्याळ बघायचं."

घड्याळाशी आजींचं जन्माचं वाकडं. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या, आणि मोठा काटा शिकवला त्याच दिवशी नेमक्या घरी राहिल्या. पण हे रंगाऱ्याला कोण सांगणार?

"घड्याळं खोटं बोलतात," त्यांनी ठणकावलं. "नाक बोलत नाही!"

रंगारी जेवायला गेला. आजी विचारात पडल्या. ओल्या भिंतीला पोरगी चिकटली, रंगाची बोटं तोंडात घातली तर? वास येतो तोवर ओला, वास गेला की वाळला, ही जगाची रीत! त्यांनी आपलं गुडघ्याचं तेल आणलं. कसल्याशा मुळ्या उकळून केलेलं; भोपळ्या त्या बाटलीला सदा गाल घासायचा. ते लावून बसमध्ये बसलं की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची! एक झाकण रंगात ओतलं. हुंगलं. समाधान होईना. मग अख्खी बाटलीच उपडी केली आणि काठीने घुसळलं.

रंगाऱ्याला काही कळलं नाही. वीस वर्षं टर्पेन्टाइन हुंगून त्याचं नाक केव्हाच निवृत्त झालेलं. त्याने चारी भिंती रंगवल्या आणि गेला.

संध्याकाळी वास तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच, आणि भिंत बोटाला चिकटतेय!

"असं कधी झालं नाही बुवा," रंगारी डोकं खाजवत म्हणाला. "हवा खेळू द्या. खिडक्या उघड्याच ठेवा."

हवा खेळली. वास घेऊन गल्लीभर खेळली!

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत एक काळं मांजर. मग एक पांढरं. मग विटक्या रंगाची चार, एकामागून एक. आजी झाडू आणायला स्वयंपाकघरात शिरल्या, तेवढ्यात भोपळ्या पायांतून निसटून खोलीत! सातही मांजरं डोळे मिटून भिंतींना गाल घासू लागली, जणू बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मावश्या!

"हाड! हाड मेल्यांनो!" फौजदारीण गरजली. पण मांजरांना कुत्र्याची भाषा कुठली कळायला! एक खाली ओढलं की दोन वर चढायची. शेवटी भोपळ्यावर पाय पडू नये म्हणून आजी मागे सरकल्या आणि पाठीने भिंतीला जाऊन चिकटल्या.

नेमकी बेल वाजली, आणि सुनेच्या किल्लीने दार उघडलं.

"तीन दिवसांत वाळला असेल, म्हणून आलो!" विहीणबाई आत. मागे तोंडाला मास्क लावलेली सून, तिच्या हाताला नात. पिवळ्या भिंतींवर पावलंच पावलं, सात पिवळी मांजरं आणि मधोमध पिवळ्या आजी.

"आजी!" नात टाळ्या पिटत ओरडली. "तू मांजरांची भिंत केलीस!"

विहीणबाईंचं लक्ष मात्र लेकीकडे. आजींचंही. सुनेने मास्क खाली केला. हुंगलं. नाक आक्रसलं.

"तुमच्या गुडघ्यांचा वास येतोय, आई," सून म्हणाली. "बाकी मी बरी आहे."

"बघा!" आजी विजयाने उसळल्या, लुगड्याचा टर्रकन आवाज झाला. "म्हटलं नव्हतं? एक शिंक नाही! माझ्या घरात एकसुद्धा... एक... आ... आ... आक् छी!"

मग दुसरी. मग मोजणं नातीने हाती घेतलं. एकवीस झाल्यावर तिचे आकडे संपले, आजींच्या शिंका नाहीत.

"मांजराच्या केसांची ॲलर्जी," डॉक्टर म्हणाले. "एक चालत होतं, आजी. सात म्हणजे फार झाली!"

रंगाऱ्याने भिंती घासून पुन्हा रंग दिला. सून, नात, भोपळ्या, सगळे पलीकडच्या खोलीत मजेत राहिले. कुणालाही बाहेर जावं लागलं नाही.

म्हणजे एक जण सोडून.

"या, तुमची खोली तयार आहे," दारातच विहीणबाई म्हणाल्या. "तेलाची बाटली इथं चपलांजवळ ठेवा. आणि घड्याळाचं लेकीने सांगितलंय मला; रोज दुपारी मी ते शिकवणार आहे."

आजींनी तोंड उघडलं. पण उत्तराऐवजी शिंकच आली.