तांडेलचा प्रोसेसर

दसऱ्याला कोणी गाडीची पूजा करतं, कोणी यंत्राची. आमचा तांडेल रिकाम्या डब्याची करायचा. नवीन पनवेलच्या त्याच्या फ्लॅटमध्ये टेबलावर कॉम्प्युटरचा काळा डबा, मॉनिटर, कीबोर्ड, माउस असा सगळा थाट मांडलेला. डब्याला झेंडूची माळ, वर कुंकवाचं बोट. आत मात्र नुसता वारा. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर, आणि तो काही तांडेलच्या पसंतीला उतरत नव्हता. डोकं ठरेपर्यंत डब्याच्या पोटातलं बाकीचं सामानही घेता येत नाही म्हणे.

बंदराच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी. माणूस उरणकडचा कोळी, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. क्रेनच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे ऐकायला जरा कमी यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्याची खासगी गोष्ट अख्ख्या खात्याला माहीत असायची ती त्यामुळेच.

प्रोसेसरबद्दल, त्यात कोर म्हणजे मेंदू किती हवेत याबद्दल, तो कोणालाही विचारी. दाढ काढायला गेला, तर तोंडात कापूस असताना डॉक्टरांना म्हणाला, "दोन कोरचा घेऊ का चार?" डॉक्टरांना वाटलं, दाढांबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "सध्या एकच काढू." हा आम्हाला येऊन सांगतो, "डॉक्टर पण बोलतात, घाई नको."

रविवारी सकाळी मासळी बाजार, तिथून थेट नीलेशचं कॉम्प्युटरचं दुकान. नीलेशने काचेवर खोकं ठेवलं की तांडेल ते पापलेटाचे कल्ले बघावेत तसं उलटंसुलटं करायचा.

"ह्यो गरम होतो बोलतात."

"काका, पंखा येतो सोबत."

"आनि गेम अडकला मंजे?"

"नाही अडकत. तुमच्या बजेटात याच्यापेक्षा चांगला मिळणार नाही."

"बरा हाय. पन थांबू. पुढचा येतोय."

पुढचा येई, तोवर त्याच्या पुढच्याची बातमी येई. नीलेशचं लग्न झालं, दुकानाला नवी पाटी लागली, तांडेल आपला थांबलेलाच.

हा गेमचा कॉम्प्युटर त्याच्या मुलासाठी होता. बायकोशी पटलं नाही. ती ओंकारला घेऊन नाशिकला माहेरी गेली आणि तिथेच राहिली. मुलगा एकदा फोनवर म्हणाला होता, "तुमच्याकडे गेमचा कॉम्प्युटर असता तर मी सुट्टीत आलो असतो." झालं. तांडेलने त्याच आठवड्यात डबा आणला.

एका सोमवारी तो डबा न उघडता तसाच बसून राहिला. जेवणाचा डबा म्हणतोय मी. विचारलं, तर म्हणाला, "संध्याकाळी नीलेशकडे येशील?"

सोमवारी? मला चुकल्यासारखं वाटलं, पण गेलो.

दुकानात त्याने खोकं हातातही घेतलं नाही. "मागल्या टायमाला दाखवलास ना, तो दे," म्हणाला आणि पैसे काढले. नीलेश माझ्याकडे बघायला लागला. मी थट्टेने म्हटलं, "काय तांडेल, पुढचा येणार नाही वाटतं?"

तो हसला नाही. "काल पोराचा फोन होता. बोलला, बाबा, तुमाला मला बोलवायचंच नाय, म्हनून तुमी घेत नाय."

"मग इतके दिवस घेतला का नाहीस?"

त्याने काचेवर बोट फिरवलं. त्याचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "दर रविवारी फोन करतो रं तो. कुठला बघितला, किती कोर, असं तासभर बोलतो. दुसरं काय बोलनार आमी? मी त्याची शाळा बघितली नाय, त्याचे मित्र मला ठावं नाय. ह्यो घेतला का विषय संपला."

नीलेश बिल करायचं सोडून उभा होता. तांडेलने तिथूनच फोन लावला. अर्थात स्पीकरवर.

"ओंकार, घेतला रं बाला."

"खरंच? कुठला?"

त्याने खोक्यावरचं नाव अडखळत वाचलं. पलीकडून "मस्त" आलं. विषय संपला. तांडेल फोनकडे बघत राहिला. मग खोकं उलटून मागे आणखी काही वाचण्यासारखं आहे का ते बघायला लागला.

"बाबा?"

"आं?"

"तुम्ही जेवायला काय करता? म्हणजे... एकटेच करता का?"

तांडेलने पंज्याने तोंड पुसलं. "मी? मीच करतो ना. काल कोलंबी केलेली. तुला चालते का रं कोलंबी? लहान होतास तवा खायचास."

"मला आठवत नाही. कशी करता?"

"आदी साफ करायची बग नीट. पाठीवरचा काला धागा काडायचा..."

नीलेशने दुकान बंद करायला अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर केलं आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. तांडेल बसला. हळद, कोकमाचं आगळ, लसूण किती, सगळं सांगत राहिला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.