मिटणारा स्क्रीन आणि लोणच्याची बरणी

महाळुंग्यात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नाही, हे मी स्वतः तपासून ठरवलं आहे. नाव मालोजी. कंपनीच्या लेखी मी गेटवरचा वॉचमन, पण कंपनीच्या लेखी बरंच काही चुकीचं असतं. गेल्या वर्षी साहेबांचा हरवलेला चष्मा मी साहेबांच्याच कपाळावर शोधला होता. अर्थात, संशयावरून तिघांना अडवून ठेवल्यावर.

त्या दिवशी आमची प्रोग्रॅमर स्नेहल रडवेली होऊन बसली होती. मशीनमधून किती पार्ट निघाले ते दाखवणारा तिचा प्रोग्रॅम आकडा बदलता बदलता मधेच बंद पडायचा. कधी सकाळीच, कधी थेट शिफ्ट सुटताना. जेवणानंतर कस्टमर बघायला येणार होता. त्याच्यासमोर बंद पडला तर कायम होण्याचं विसरायचं, असं साहेबांनी तिला बजावलं होतं. पोरगी गुणाची, मला फार वाईट वाटलं. मी केस हातात घेतली. तिने दिली नव्हती.

पहिला संशय रात्रपाळीच्या ज्योतीरामवर. तो आठवडाभर लातूरला होता. इतक्या लांबून काम करणारा गुन्हेगार मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग उंदीर. टेबलाखाली फरसाण ठेवून दबा धरला. फरसाण संपलं, पण ते मीच खाल्लं, असं तपासाअंती निष्पन्न झालं. उरली नजर. मॉनिटरवर लिंबू-मिरची बांधली, तर आकडाच दिसेना. तेवढा वेळ बंद पडल्याची तक्रार मात्र आली नाही.

"काका, तुम्ही आधी जेवून घ्या," स्नेहल म्हणाली. म्हणजे, उठा.

हात धुऊन जेवायला बसलो. मधे तिच्या आईने दिलेली लोणच्याची बरणी होती. मी विचारात असलो की माझा हात आपोआप पुढे जातो.

"काका, माझ्या बरणीत परस्पर हात नाही घालायचा. मला सांगा, मी वाढते. ज्याची बरणी त्यानेच..."

ती थांबली. घास तसाच टाकून कॉम्प्युटरकडे पळाली.

मला तिने समजावलं ते असं. स्क्रीन सांभाळायचं काम प्रोग्रॅममधल्या एकाच मुख्य थ्रेडचं. थ्रेड म्हणजे आत राबणारा कामगारच समजा. तो अडकून पडू नये म्हणून मशीनकडून आकडा आणायला तिने मागे दुसरा थ्रेड कामाला लावला होता. पण हा पठ्ठ्या आकडा आणून परस्पर स्क्रीनवर लिहीत होता, आणि दोघांचा हात एकाच वेळी पडला की प्रोग्रॅम बंद. आता तो फक्त निरोप देणार, लिहिणार मुख्य थ्रेड.

चार ओळी बदलल्या. कस्टमर आला, आकडे बघत बसला, चहा पिऊन खूश होऊन गेला. संध्याकाळी साहेबांनी तिला कायम केलं. ती रडली, मीही रडलो आणि स्वतःचं अभिनंदन केलं.

पुढच्या आठवड्यात लोणच्याला बुरशी धरली. बरणीत ओला हात कुणी घातला, याचा तपास स्नेहलने माझ्याकडे सोपवला आहे, आणि सोपवताना ती माझ्याकडेच बघत होती. ज्योतीराम लातूरहून परत आला आहे. संशय अर्थातच त्याच्यावर आहे.