टेंभा मिरवण्याचा मान

संपतरावांनी सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्या आनंदानं लिहिलं, "आमच्या गावच्या यात्रेत पालखीपुढे टेंभा मिरवण्याचा मान यंदा माझ्याकडे आहे. सर्वांनी अवश्य यावे." भावकीत फिरत फिरत एकवीस वर्षांनी तो त्यांच्या घरी आला होता.

पहिलं उत्तर सेक्रेटरी बद्रीनाथांचं. "यंदाच? आपण तर बारा महिने मिरवता."

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

"अगं सरू, टेंभा म्हणजे मशाल! मी खरीखुरी हातात धरणार आहे!" संपतराव बायकोला म्हणाले.

"मला कळलं. पण त्यांना समजवायला जाऊ नका," सरुबाई म्हणाल्या.

ते गेलेच. शब्दकोशातल्या पानाचा फोटो टाकून त्यांनी लिहिलं, की टेंभा म्हणजे मशाल. बढाई मारणे हा अर्थ मागाहून चिकटला. तिसऱ्या मजल्यावरच्या निकितानं विचारलं, "काका, आता मराठीचापण टेंभा का?"

मग संपतराव जिन्यात एकेकाला गाठू लागले. "अहो, खरंच बढाई नाही हो ही."

"छे छे, आपण कुठं मारता!" म्हणत माणसं भराभर जिना उतरत.

आठ दिवसांत त्यांचं जेवण तुटलं. मशालीचा विचार आला, की बद्रीनाथांचा चेहरा दिसे. शेवटी त्यांनी गावी चुलतभावाला फोन लावला. "संभाजी, यंदा टेंभा तूच धर."

"दादा, येडा झाला का? मान हाय तो!"

"असू दे. मला नको."

यात्रेच्या संध्याकाळी पालखी निघाली. पुढे संभाजी पेटता टेंभा उंच धरून चालला होता. संपतराव सरुबाईंबरोबर गर्दीत रिकाम्या हातांनी उभे होते. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धुरावर ढकललं.

तेवढ्यात मागून हाक आली. "संपतराव!"

वळून बघतात तर बद्रीनाथ, निकिता आणि सोसायटीतली आणखी पंधरा माणसं. लोणी काळभोरच्याही पुढे, खास मिनीबस करून आली होती.

"म्हटलं, आपण थट्टा फार केली. एकदा प्रत्यक्ष बघून यावं," बद्रीनाथ ओशाळून म्हणाले. मग त्यांची नजर संपतरावांच्या हातांकडे गेली, तिथून संभाजीकडे. "मान आपल्याकडे होता ना?"

"होता. म्हणजे... मी दिला त्याला."

बद्रीनाथांनी संपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे. होतं असं," ते हळूच म्हणाले. "पण पुढच्या वेळी जेवढं खरं, तेवढंच लिहीत चला."

संपतरावांनी सरुबाईंकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाले.