पंतांची दबलेली शीर

अंबादासपंतांचं म्हणणं असं, की नळदुर्गची कचेरी त्यांच्या उजव्या हातावर उभी आहे. निजामाच्या अमलात त्याच हातानं त्यांनी उर्दू लिहिली, आता मुंबई राज्यात आल्यावर त्याच हातानं मराठी. गुरुवारी मोठे साहेब येणार न् हेडक्लार्की आपल्याच पदरात टाकणार, हे त्यांनी बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, सांगूनही टाकलं होतं. आणि नेमका तोच हात मनगटातून गळाला, वेलावरच्या पडवळासारखा लोंबायला लागला!

झालं होतं इतकंच, की वांग्याचं भरीत न् भाकरी जिरवत पंत कचेरीत खुर्चीच्या पाठीवर हात टाकून घोरले. दंडाची शीर दबली. जाग आली तर हात मेलेला. पण झोपेत हात गेला म्हणून कोण सांगतं? सरकारी गठ्ठे उचलताना शीर दुखावली, असं त्यांनी जाहीर केलं. खरं काय ते फक्त चंद्रप्रभाबाईंना ठाऊक होतं.

कचेरीतला शिपाई लिंबाजी औषधासाठी इरम्माला घेऊन आला. इरम्मा अक्कलकोटकडची, बोली कानडी, मराठी मोडकी. पण झाडपाल्यात हात बसलेला. निर्गुडीचा पाला न् आस्कंदाची मुळी कुटून, अर्क काढून तिनं बाटली भरून दिली. जाताना दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बजावलं, "अण्णा, नर मेलं न्हाय, झोपलंय. रोज दोन टायम घ्या. नर उठतंय."

आता कानडीत नर म्हणजे शीर. मराठीत नर म्हणजे काय, ते लिंबाजीला शिकवायची गरज नव्हती.

दिवस मावळायच्या आत बातमी बाजारात! पंतांचं काय गेलं याबद्दल गावात दुमत राहिलं नाही. हात हा नुसता बहाणा. आडावर बायका चंद्रप्रभाबाईंची घागर आधी भरू द्यायला लागल्या, वर सुस्कारे टाकायच्या. बाप्ये हाताची चौकशी करायला यायचे न् बाटलीकडं बघत बसायचे. पंत कळवळून सांगायचे, अहो शीर, दंडाची शीर! लोक म्हणायचे, व्हय व्हय, शीरच. बाटली मात्र पंतांनी घेतली त्याच्या दुप्पट उतरायला लागली.

गुरुवारी साहेब आले. गठ्ठ्यांची हकीकत ऐकून गहिवरले, असा राबणारा माणूसच हेडक्लार्क हवा म्हणाले, न् पंतांच्या घरी चहालाही आले. पंत हवेत तरंगत होते. एवढ्यात साहेबांनी खुर्ची जवळ ओढली न् हळूच विचारलं,

"पंत, ती बाटली आम्हालाही मिळेल का? आमचंही तुमच्यासारखंच झालंय."

चंद्रप्रभाबाई चहा देऊन तिथंच उभ्या होत्या. आठवडाभराचे सुस्कारे त्यांच्या डोक्यात गेले.

"तुमच्यासारखं काही नाही, साहेब. ह्यांचं सगळं धडधाकट आहे. कचेरीत भरदुपारी खुर्चीवर घोरत पडले, शीर दबली, एवढंच."

साहेबांचा चहा बशीतच राहिला. हेडक्लार्की गेली, हे पंतांना उमगलं. आणि त्याच क्षणी तो मेलेला हात मनगटासकट ताठ वर उठला न् फाडकन कपाळावर बसला!

इरम्मा नवी बाटली घेऊन नेमकी दारात आली होती.

"बघा," ती म्हणाली, "म्या म्हन्लं न्हवं, नर उठतंय?"

साहेबांनी तिच्या हातातली बाटली मुकाट्यानं घेतली न् कोटाच्या खिशात घातली.